सेंट मॉरिट्झ हिवाळी खेळांचं माहेरघर कसं झालं?

स्वित्झर्लंडच्या एंगाडिन खोऱ्यातलं, सुमारे १,८०० मीटर उंचीवरचं हे गाव पूर्वी खनिज पाण्याच्या झऱ्यांसाठी ओळखलं जायचं. लोक यायचे ते उन्हाळ्यात. १८६४ साली योहानेस बाड्रुट या हॉटेलमालकाने इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली, असं सांगतात: हिवाळ्यात या, ऊन आवडलं नाही तर प्रवासखर्च माझा. पाहुणे आले आणि रमले.

मग या मंडळींना वेळ घालवायला काहीतरी हवंच होतं! त्यातूनच १८८४-८५ च्या हिवाळ्यात क्रेस्टा रन ही बर्फाची घसरवाट तयार झाली. छोट्याशा घसरगाडीवर पालथं झोपायचं, डोकं पुढे, हनुवटी बर्फापासून जेमतेम वीतभर वर, आणि वेग आवरायला बुटांच्या टोकाला लावलेले लोखंडी दाते. असं डोकं पुढे करून घसरायचा स्केलेटन हा खेळ इथलाच. १९२८ आणि १९४८ ची हिवाळी ऑलिंपिक इथे झाली, त्या दोन्ही वेळी तो खेळवला गेला. नंतर थेट २००२ मध्ये परतला. क्रेस्टावर स्त्रियांना मात्र १९२९ पासून जवळजवळ नव्वद वर्षं बंदी होती, हे मला अजिबात पटत नाही.

बॉबस्लेची, म्हणजे बसून घसरायच्या गाडीची, वाट तर दरवर्षी नव्याने, निव्वळ बर्फ आणि पाण्यातून, हाताने घडवतात. गोठलेल्या तळ्यावर १९०७ पासून घोड्यांच्या शर्यती होतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याच तळ्यावर क्रिकेटही झालं, आणि त्यात आपले झहीर खान व अजित आगरकर खेळले होते.