वाचक विचारतात : दे मॉइनमध्ये पाहुणे आणि दिवाळी

प्रश्न : जून ते ऑगस्ट आई-बाबा आयोवात, आमच्याकडे दे मॉइनला येणार आहेत. आईचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही. कमी खर्चात काय दाखवावं?

उत्तर : इथे फुकट बघण्यासारखं भरपूर आहे, चुकते ती वेळ. डाउनटाउनचा शनिवारचा फार्मर्स मार्केट सकाळी 7 ते 12 असतो. दहानंतर कोर्ट अ‍ॅव्हेन्यूवर इतकी गर्दी होते की व्हीलचेअर पुढे सरकत नाही. साडेसातला पोचा, नऊला निघा.

पॅपाजॉन स्कल्प्चर पार्क 2009 साली उघडलं. 4.4 एकरांचंच आहे, त्यामुळे आईंना झेपेल. पण सावली कमी, म्हणून दुपार टाळा. जूनमध्ये सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो. साडेसातला गेलात तर ऊनही उतरलेलं असतं. हाउमे प्लेन्साचं पांढऱ्या अक्षरांचं 27 फुटी 'नोमेड' आतून बघता येतं. बाकीच्या शिल्पांना मात्र हात लावू नका, हाताच्या तेलकटपणाने धातूवरचा लेप खराब होतो. जूनच्या अखेरीला शेजारीच तीन दिवसांचा आर्ट्स फेस्टिव्हल भरतो. तेव्हा जवळचे रस्ते बंद असतात, गाडी लांब लावावी लागते.

उकाड्याच्या दुपारी आर्ट सेंटर. प्रवेश फुकट, सोमवारी बंद. इमारतीचे तीन भाग तीन वास्तुविशारदांचे : सारिनेन (1948), पेई (1968) आणि मायर (1985). चित्रांत गोडी नसलेल्या बाबांनाही हे तीन हात ओळखायला आवडतील. ग्रेज लेकची पूर्ण फेरी तीन किलोमीटरची आहे, ती करू नका. अंधार पडल्यावर रंगीत दिव्यांच्या पुलावर जाऊन परत या.

ऑगस्टमधल्या आयोवा स्टेट फेअरला पैसे पडतात, तिकीट आधी काढलं तर कमी. मैदान मोठं आणि चढउताराचं आहे, तेव्हा आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळीच जा. लोण्याची गाय आधी बघा, दुपारी तिथे रांग वाढते. 1911 पासून ती या जत्रेत असते. लाकूड आणि तारजाळीच्या सांगाड्यावर सुमारे 270 किलो लोणी थापतात, थंड खोलीत काचेआड ठेवतात आणि तेच लोणी पुढची काही वर्षं पुन्हा वापरतात.

प्रश्न : हिवाळ्यात काय?

उत्तर : डाउनटाउनच्या इमारती जोडणारा बंदिस्त स्कायवॉक सुमारे चार मैलांचा आहे. आतली दुकानं बहुतेक ऑफिसच्या वेळेपुरती उघडी असतात, शनिवार-रविवारी तिथे चिटपाखरू नसतं. नदीकाठच्या ब्रेंटन प्लाझावर बर्फावर स्केटिंग करता येतं, स्केट भाड्याने मिळतात. मोज्यांचा एकच जोड घाला आणि घोट्यापाशी लेस करकचून बांधा. घोटा डुगडुगला की नवशिका पडलाच.

प्रश्न : 70 जणांच्या दिवाळीसाठी हॉल घ्यायचा आहे. काय विचारावं?

उत्तर : भाडं शेवटी विचारा. दारावर लिहिलेली क्षमता बऱ्याचदा नुसत्या खुर्च्यांची असते, तिचा हिशोब माणशी 7 चौरस फूट. टेबलांसकट माणशी 15 धरतात, म्हणजे तुम्हाला 1,050 चौरस फूट. मंच आणि बुफे त्यात धरलेला नाही. पाच फूट व्यासाच्या गोल टेबलाशी आठ जण बसतात, तेव्हा नऊ टेबलं लागतील.

मग ज्योतीचं विचारा. पणत्या, निरांजन, कापूर, उदबत्ती यांची नावं घेऊन परवानगी लेखी घ्या. नुसतं 'पूजा आहे' म्हटलं तर समोरच्याला धूर सुचत नाही. अलार्म वाजला की अख्खी इमारत रिकामी करावी लागते. बॅटरीच्या पणत्या आत आणि कापूर बाहेर, हे सगळ्यांत सोपं.

'किचन आहे' याचा अर्थ बऱ्याच ठिकाणी फ्रिज, ओटा आणि अन्न गरम करण्याची सोय एवढाच असतो, तळणी चालत नाही. अनेक हॉल 10 लाख डॉलरच्या विम्याचा दाखला मागतात. एका दिवसाची पॉलिसी मिळते, मात्र दाखल्यावर हॉलच्या मालकाचं नाव त्यांच्या करारात आहे अगदी तसंच हवं. एका शब्दाचा फरक असला तरी दाखला परत येतो आणि ते कळतं आदल्या दिवशी. तो दोन आठवडे आधी पाठवा.

रांगोळी प्लायवूडच्या फळीवर काढा. कार्पेटमधली पूड निघत नाही आणि लाकडी फरशीवर तिच्यावरून पाय घसरतो. चार तासांच्या कार्यक्रमासाठी सात तासांचं बुकिंग करा; मांडामांड आणि झाडलोट भाड्याच्याच वेळेत मोजतात.