घर आवरायचंय? उपवासकाळ धर

अगं, नाताळच्या तोंडावर घर आवरायला काढू नकोस. फराळ, पाहुणे, येशूजन्माच्या गोठ्याची सजावट, त्यात पोरांच्या सुट्ट्या. नुसता जीव जातो. त्यापेक्षा उपवासकाळ, म्हणजे ईस्टरआधीचे आपले उपवासाचे दिवस, धर. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस, मधले ६ रविवार वगळले की ४०. रोज एकच खण. सुरुवात स्वयंपाकघरातून: झाकण हरवलेले डबे, कान तुटलेले कप आणि सासूबाईंनी धुऊन जपलेल्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्या. त्यांना विचारल्याशिवाय मात्र एकही हलवायची नाही! मुलांचे लहान झालेले कपडे देशील ते धुऊन, बटणं लावून. संध्याकाळच्या प्रार्थनेआधी खेळणी पोरांनीच टोपलीत टाकायची, तू नाही. रविवारी चर्चमध्ये मिस्सा, मग जेवण आणि झोप. खणाला हात लावू नकोस.