2011ची भाऊबीज आणि जुलैचं लंडन

नाशिकच्या एका ताईंचं पत्र आहे. वय 38, कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतात. 28 ऑक्टोबर 2011ला भाऊबीज होती. त्या दिवशी सकाळी भावाला ओवाळलं ते गुडगावच्या एका लॉजवर, कारण संध्याकाळी दोघांना मेटॅलिका हा अमेरिकन हेवी मेटल बँड ऐकायचा होता. भारतातला त्यांचा तो पहिला कार्यक्रम ठरणार होता. लेझर व्हॅलीच्या मैदानात तासन्‌तास उभं राहिल्यावर कळलं की स्टेजसमोरच्या अडथळ्यांची व्यवस्था सुरक्षित नाही, आज कार्यक्रम नाही. लोक स्टेजवर चढले, मोडतोड झाली आणि दुसऱ्या दिवशी तो रद्दच झाला. 30 तारखेला बँड बंगळुरूला वाजला. तिकडे जाण्याइतके पैसे या दोघांकडे उरले नव्हते.

आता भाऊ इंग्लंडमध्ये नोकरी करतो. 2026च्या 3 आणि 5 जुलैला लंडन स्टेडियमवर मेटॅलिका आहे. त्याने दोन्ही रात्रींची दोन-दोन तिकिटं काढून ठेवली आहेत आणि एक जोडी बहिणीची आहे. ताईंनी प्रवासाचा खर्च 1,60,000 धरला आहे आणि पुढे तीन वाटा मांडल्या आहेत: एफडी म्हणजे मुदत ठेव मोडू, बँक देते आहे ते वैयक्तिक कर्ज घेऊ, की एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला जाणारी गुंतवणूक, थांबवू? शेवटी एकच वाक्य आहे, ‘मुलगी नऊ वर्षांची आहे, हा वेडेपणा तर नाही ना?’

ताई, जा. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचे आकडे तुम्ही धास्तीने वाचणार नाही. हा बँड 1981चा आहे. त्यातले हेटफील्ड आणि उलरिक 1963 सालचे, हॅमेट त्यांच्याहून एका वर्षाने मोठे. तुम्ही पंधरा वर्षं थांबलात, आणखी किती थांबता येईल हे कोणत्याही तक्त्यात बसत नाही. शिवाय या दौऱ्यात एकाच शहरातल्या दोन रात्री एकही गाणं पुन्हा वाजत नाही, म्हणजे भावाने दोन्ही रात्री घेतल्या हे उत्तमच केलं. माझी हरकत जाण्याला नाही, पैसे कुठून काढायचे यातल्या दोन वाटांना आहे.

पहिली कर्जाची. 1,60,000 रुपये, 14 टक्के, 36 महिने. हप्ता सुमारे 5,470 येतो आणि व्याजापोटी जवळपास 37,000 जातात. मुलगी बारा वर्षांची होईपर्यंत तुम्ही या एका आठवड्याचे हप्ते फेडत राहाल. आणखी एक गोष्ट बँक सांगणार नाही. ब्रिटनचा व्हिसा देणारे अधिकारी खात्यातल्या रकमा कुठून आल्या ते पाहतात. अर्जाच्या तोंडावर एकदम मोठी रक्कम जमा झालेली दिसली की प्रश्न उभे राहतात. दर महिन्याच्या पगारातून हळूहळू वाढलेली शिल्लक तिथे जास्त विश्वासाची ठरते.

दुसरी एफडीची. ती 2,40,000ची आहे. तुमचा घराचा हप्ता 21,500 आणि घरखर्चातला वाटा 20,000, म्हणजे महिन्याला 41,500. अडीअडचणीसाठी सहा महिन्यांचा खर्च हाताशी हवा, त्याचे 2,49,000 होतात. एफडी त्याहून थोडी कमीच आहे. यजमानांचं अंबडचं वर्कशॉप कधी भरपूर ऑर्डर, कधी काहीच नाही असं चालतं, हे तुम्हीच लिहिलंय. घरातला ठरलेला पगार तुमचा एकटीचा आहे. त्या पावतीला हात लावू नका.

राहिली एसआयपी. माझ्याकडून हे ऐकून नवल वाटेल, पण मार्च ते जून असे चार महिने ती थांबवा. बहुतेक फंडांत काही महिने थांबवायची सोय असते, तुमच्या फंडात किती ते पाहून घ्या. सुटलेले 40,000 रुपये तुमच्या निवृत्तीपर्यंत, म्हणजे वीस वर्षं, 10 टक्क्यांनी वाढले असते तर सुमारे 2,70,000 झाले असते. ही खरी किंमत आहे आणि ती डोळ्यांसमोर ठेवूनच मी थांबवा म्हणतोय. जुलैचा हप्ता मात्र पुन्हा सुरू झालाच पाहिजे. ‘सुरू करू नंतर’ म्हणून वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या एसआयपी मी खूप पाहिल्या आहेत.

आता खर्च. तुमच्या यादीत स्कॉटलंडची चार दिवसांची सहल 31,000ची आहे. ती काढा. पत्राच्या तीन पानांत स्कॉटलंडबद्दल एक ओळ आहे, बाकी सगळा मेटॅलिका. उरले 1,29,000: विमान 78,000, व्हिसा आणि त्यासाठीच्या मुंबईच्या खेपा 20,000, विमा 3,000, तिथलं जाणं-येणं आणि खाणं 20,000, टी-शर्ट आणि भेटवस्तू 8,000. टी-शर्टला कात्री लावू नका.

एक खर्च मात्र तुम्ही विसरलात. जूनमध्ये मुलीच्या फीचा पहिला हप्ता, 19,000. तो धरला की 1,48,000 लागतात. पगारातून सगळं जाऊन तुमच्याकडे महिन्याला 11,500 उरतात, फेब्रुवारी ते जून 57,500. एसआयपीचे 40,000. भिशीचे 60,000. एकूण 1,57,500. साडेनऊ हजार हाताशी राहतात. रजा बिनपगारी मिळाली तर ते पुरणार नाहीत, म्हणून प्राचार्यांशी आधी बोला. व्हिसासाठी कॉलेजचं पत्रही लागेलच.

भाऊ सगळा खर्च करायला तयार आहे आणि तुम्हाला ते नको आहे, हे मी समजू शकतो. पण राहण्याजेवणाचे पैसे देण्याचा हट्ट सोडा. तिकीटही घ्या, भावाने बहिणीला दिलेल्या भेटीवर आयकर लागत नाही. जाताना थालीपीठाची भाजणी न्या. पेढे मात्र नकोत, भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत.

क्रम चुकवू नका. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. 1 जुलैला निघणार असाल तर 1 एप्रिलपासून. निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. तोवर परतावा न मिळणारं विमानाचं तिकीट काढू नका, मग ते कितीही स्वस्त दिसो. विमा घेताना सहल रद्द झाल्याचं कलम नीट वाचा. कार्यक्रम रद्द झाला तर तिकिटाचे पैसे परत येतात, विमानाचे येत नाहीत, हे गुडगावला जाऊन आलेल्या माणसाला मी काय सांगावं! तिथे कार्ड वापरताना यंत्र ‘रुपयांत भरायचे का’ असं विचारेल, नेहमी पाउंड निवडा. साध्या क्रेडिट कार्डावर साडेतीन टक्क्यांपर्यंत परकीय चलनाचा आकार आणि त्यावर जीएसटी लागतो, म्हणून तिथल्या खर्चापुरतं फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच पाउंड भरून ठेवायचं कार्ड, भरून न्या.

या सगळ्यात एकच जागा नाजूक आहे. विमानाचे 78,000 एप्रिलअखेर लागतील आणि तुमची भिशीची पाळी मे महिन्यात आहे. भिशी एप्रिलमध्ये मिळाली तर तोपर्यंत, व्हिसाचे 20,000 जाऊन, हातात 94,500 असतील. नाही मिळाली तर 34,500, आणि मग कर्जाचा मोह होईल. येत्या भिशीलाच एप्रिलची पाळी कोणाची ते विचारा आणि तिच्याशी अदलाबदल करून घ्या. कशासाठी हवी आहे तेही सांगा, गुडगावपासून.