नऊ उरलीत

प्रिय,

तुझ्या पेशंट बाईंबरोबरच्या सातव्या सेशनचं रेकॉर्डिंग काल रात्री दोनदा ऐकलं. (कर्वे रस्त्याकडची खिडकी लावून घेत जा गं, अर्धा वेळ हॉर्नच ऐकले.) बत्तिसाव्या मिनिटाला त्या म्हणतात, "माझं सोड, तुझाच घसा बसलाय की बाळा." तू "नाही, बरी आहे मी" म्हणालीस आणि पुन्हा सुनेच्या विषयाकडे वळलीस.

खरं सेशन तिथेच होतं.

तुझ्या वहीत मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड मालनचा त्रिकोण नेटका काढलाय: पूर्वीची माणसं, आत्ताची माणसं आणि समोर बसलेला थेरपिस्ट. पहिले दोन कोन गच्च भरलेत, तिसरा कोराच. आजारी आईला जपणारी मुलगी, सुनेचा मूड सांभाळणारी सासू, आणि आता तुझा घसा सांभाळणारी पेशंट. माझं ओझं कुणाला नको, समोरचा आधीच दमलाय, मग मीच त्याचं बघते. असं केलं की रागावावं लागत नाही. मग राग उरतो आणि स्वतःवरच उलटतो, आणि बाई म्हणते, "डिप्रेशन-बिप्रेशन काही नाही हो, कशात राम वाटत नाही इतकंच."

हाच तुझा धागा. एकच धर. लेमा, टार्गेट आणि फोनॅगी या मनोविश्लेषकांनी इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी ही आपली डीआयटी (डायनॅमिक इंटरपर्सनल थेरपी) बांधली ती सोळा सेशनची: पहिली चार धागा शोधायला, मधली आठ त्यावर काम करायला, शेवटची चार निरोपाला. तुला बालपण, लग्न, सासूपण सगळंच उलगडायचंय. वेळ नाही तेवढा, आणि गरजही नाही.

पीएचक्यू-नाईनचा, म्हणजे डिप्रेशन मोजायच्या फॉर्मचा, आकडा १७ वरून ११ वर आला म्हणून तू खूश झालीस. मीही झाले असते. पण इतरांना जपणारी बाई फॉर्मसुद्धा तुला जपूनच भरते, हे लक्षात असू दे. "आकडा उतरला नाही तर मला वाईट वाटेल, असं तुम्हाला वाटतं का?" हे विचारून बघ. नवव्या, मरणाच्या विचारांबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर मात्र बेरजेच्या आधी वाचायचं, दर वेळी. तिथे शून्याव्यतिरिक्त काहीही दिसलं तर त्रिकोण बाजूला ठेव, त्यांनाच मरणाबद्दल सरळ विचार आणि मला त्याच दिवशी फोन कर.

आता निरोपाचं. आपल्याकडे उंबरठ्यावर कुणी "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतात. "जाते" म्हटलं की घरातली मोठी माणसं लगेच दटावतात. त्यामुळे शेवट तोंडानं बोलायची सवय ना पेशंटला, ना आपल्याला. मी शिकत होते तेव्हा एका बाईंना सोळाव्या सेशनच्या शेवटी म्हणाले, "अजून दोनदा भेटू या." त्यांचे डोळे भरले होते, मला बघवेना. अठराव्या वेळी त्या श्रूजबेरी बिस्किटांचा पुडा घेऊन आल्या, माझे आभार मानले आणि हसत गेल्या. मी सोडून चालले म्हणून त्यांना माझा राग येऊ शकला असता, आणि तो येऊनही मी शाबूत राहिले, एवढं त्यांनी पाहिलं असतं. ती संधी मी त्या दोन सेशनांत घालवली. माझ्या सुपरव्हायजरनी एकच विचारलं, "ती दोन सेशन कुणासाठी होती?" मी बिस्किटांचं सांगत बसले.

डीआयटीत थेरपिस्ट शेवटच्या टप्प्यात पेशंटला निरोपाचं पत्र लिहून देतो. तुझं मराठीत लिही, त्या बोलतात त्या मराठीत. "तुमची प्रगती पाहून आनंद झाला" असली प्रगतिपुस्तकाची वाक्यं नकोत. आणि रेकॉर्डिंगच्या फाईलला त्यांचं नाव देऊ नकोस. पुण्यात कोण कुणाची मावसबहीण निघेल, नेम नाही.

पत्राला अजून वेळ आहे. पुढच्या सेशनच्या सुरुवातीलाच त्यांना सांग, "हे धरून आपली नऊ उरलीत." मग गप्प बस, कितीही अवघड वाटलं तरी. त्या पहिल्यांदा कुणाची काळजी करतात, ते मला ऐकायचंय.

तुझी,
ताई