व्हीएस कोड या कोड एडिटरमध्ये टॅब साइज (टॅब दाबल्यावर सुटणाऱ्या जागांची संख्या) २ केली तरी ४ च येतेय?

अरे एडिटर रीइन्स्टॉल करायच्या भानगडीत पडू नकोस, युजर सेटिंग्ज तशाच राहतात बऱ्याचदा, मग परत तेच रडगाणं. आधी खाली उजवीकडे स्टेटस बारवर बघ, 'स्पेसेस: ४' दिसतंय का? दिसत असेल तर बहुतेक 'डिटेक्ट इंडेंटेशन'चा प्रताप आहे, ते बाय डिफॉल्ट चालूच असतं आणि फाइल उघडताना आतला कोड बघून तुझी टॅब साइज गुंडाळून ठेवतं. बंद कर आणि फाइल परत उघड.

तरी नाही झालं तर प्रोजेक्टमधलं डॉट-व्हीएसकोड फोल्डर उघडून सेटिंग्ज डॉट जेसन वाच, कारण वर्कस्पेसची, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरती सेटिंग युजर सेटिंगच्या वरचढ असते, आणि पायथॉनसारख्या एखाद्या भाषेसाठी वेगळा ब्लॉक असेल तर तो अजून वरचढ. मी एकदा अख्खी संध्याकाळ युजर सेटिंग्ज बदलत बसलो होतो, आणि ४ चा आकडा त्या फाइलमध्ये निवांत बसलेला!

सेव्ह केल्यावरच बिघडत असेल तर मात्र फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप बदलणारं टूल, बघ. एखाद्या एक्स्टेन्शनवर (वरून टाकलेल्या जोडणीवर) डाउट असेल तर कमांड पॅलेटमधून, म्हणजे कमांड शोधून चालवायच्या यादीतून, 'स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट' चालव, अर्धी अर्धी बंद करत तोच गुन्हेगार शोधून देतो.