घोस्ट ऑफ त्सुशिमा: शिमुराचे जिनवर खरोखर प्रेम होते का, आणि शेवटी त्याला मारावे की सोडावे?

'घोस्ट ऑफ त्सुशिमा' या व्हिडिओ गेमबद्दल आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. मंगोल जपानच्या त्सुशिमा बेटावर चालून येतात तेव्हाची ही कथा; जिन हा सामुराई तिचा नायक, आणि शिमुरा हा बेटाचा सरदार. शेवटच्या द्वंद्वानंतर शिमुराला मारावे की जिवंत सोडावे, ही एक; आणि ज्याने जिनला लहानाचे मोठे केले तोच त्याच्यावर तलवार उपसतो तेव्हा त्याची माया खरी मानावी की ढोंग, ही दुसरी. प्रश्नात आपण शिमुराला 'स्वार्थी म्हातारा' म्हटले आहे. खरे सांगायचे तर त्या दोन शब्दांमुळेच हे उत्तर लिहायला बसलो.

इंग्रजी संवादांत जिन त्याला 'अंकल' म्हणतो आणि जपानी संवादांत 'ओजिउए'. हा वडिलांचा भाऊ की आईचा, हे या दोन्ही शब्दांतून कळत नाही. शिमुरा जिनच्या आईचा भाऊ आहे, म्हणजे सरळ मराठीत मामा आहे, आणि मराठी माणसाने हा खेळ खेळताना ही गोष्ट विसरू नये. काका हा घराण्यातला, वाटणीतला माणूस असतो. मामाचे नाते आईच्या बाजूने येते. त्यात हक्क कमी आणि लाड जास्त, आणि तरीही आपल्या कथांत मामा म्हटले की आधी कंस आणि शकुनीच आठवतात. जिन साकाई घराण्याचा आहे, शिमुरा घराण्याचा नाही. शिमुराला मूलबाळ नाही. तो जिनला दत्तक घेण्यासाठी शोगुनकडे, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाकडे, परवानगी मागतो, तेव्हा मेलेल्या बहिणीच्या मुलाला तो आपल्या घरात आणू पाहत असतो. त्या मागणीत माया किती आणि वारसाची गरज किती, हे वेगळे काढून दाखवणे मला शक्य नाही, आणि ज्यांना ते शक्य वाटते त्यांनी मामा-भाच्याचे नाते जवळून पाहिलेले नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

मी स्वतः मामा आहे. कोल्हापुरात आमचा वडिलांच्या वेळेपासूनचा छोटा छापखाना आहे. धाकट्या बहिणीचा मुलगा कॉलेजसाठी तीन वर्षे माझ्याकडे राहिला. सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी छापखाना असा त्याचा दिनक्रम होता, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत गिऱ्हाइके मला सोडून त्याच्याशी बोलू लागली होती. छापखाना पुढे त्यानेच सांभाळावा असे मी त्याला कधी विचारले नव्हते. मी ते गृहीत धरले होते.

त्या वर्षी मार्गशीर्षात एका लग्नाच्या पाचशे पत्रिका आम्ही छापून दिल्या. वराच्या आजोबांच्या नावाआधी 'कै.' पडले होते आणि आजोबा धडधाकट होते. प्रूफ मीच तपासले होते. पत्रिका दुसऱ्या दिवशी सकाळी वाटायला निघणार होत्या आणि तो खडबडीत पोताचा जाड कागद आमच्याकडे संपला होता. मी ठरवले की सकाळी कागदवाल्याचे दुकान उघडले की कागद आणायचा, दुपारपर्यंत पत्रिका द्यायच्या आणि उशिराबद्दल हात जोडून माफी मागायची. भाचा म्हणाला, "मामा, दुपारी दिल्या तर त्यांचा एक अख्खा दिवस जातो." मी म्हणालो की दुसरा मार्ग नाही, आणि घरी जाऊन झोपलो.

दुसरा मार्ग होता. एका जुन्या गिऱ्हाइकाने आपल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठांसाठी तसाच कागद मुंबईहून स्वतः आणून आमच्याकडे ठेवला होता. गिऱ्हाइकाच्या ठेवलेल्या कागदाला हात लावायचा नाही, हा माझ्या वडिलांचा नियम आहे; चाळीस वर्षांत तो कोणी मोडला नव्हता. भाच्याने कटिंग मशीनवरच्या मुलाला रात्री घरून बोलावून आणले, दोघांनी तो कागद कापला, छापला आणि सकाळी सात वाजता पत्रिका लग्नघरी पोहोचवल्या. लग्नघरचे लोक खूश झाले. अकरा वाजता कागदाचे मालक आले.

ते आत येण्यापूर्वी मी भाच्याला बाजूला घेतले आणि म्हणालो, "पोराने न विचारता चुकून कापला, असे सांगू. मी त्याला कामावरून काढणार नाही, पगारही कापणार नाही. नुसते सांगायचे." भाचा माझ्याकडे बघत राहिला. मग बाहेर जाऊन त्या गृहस्थांना म्हणाला, "मी कापला. त्या मुलाचा काही संबंध नाही." ते गिऱ्हाईक परत आले नाही.

पुढच्या मे महिन्यात आम्ही दोघे हा खेळ खेळत होतो. जेवणे झाली की तो खेळायचा, मी शेजारी बसून पाहायचो, आणि अधूनमधून कंट्रोलर माझ्या हातात यायचा. शिमुराच्या किल्ल्याचा भाग आला. आपल्याला आठवत असेल, शिमुरा पुलावरून समोरून हल्ला चढवतो, मंगोल तो पूल उडवून देतात, कित्येक माणसे मरतात, आणि तरीही शिमुरा पुन्हा समोरूनच चालून जायचे म्हणतो. त्याच रात्री जिन एकटा आत शिरतो आणि मंगोलांच्या पेयात विष कालवतो. किल्ला हाती येतो. आपली माणसे जगतात. मग शिमुरा येतो, पाहतो, चिडतो. आणि चिडून झाल्यावर जिनला वाचवण्यासाठी म्हणतो की हे त्या चोर बाईने, युनाने केले असे सांगू.

भाच्याने खेळ थांबवला. काही बोलला नाही, उठून पाणी पिऊन आला आणि पुन्हा खेळू लागला. मला ते पाणी पिणे अजून आठवते.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. शिमुरा त्या क्षणी जे करतो ते हलके आहे, हे मी नाकारत नाही. नाकारण्याचा मला अधिकारही नाही. मात्र ते स्वार्थी आहे हे मला मान्य नाही. ज्या माणसाने आयुष्यभर सन्मान हा एकच शब्द जपला, तो भाच्याचा जीव वाचवण्यासाठी धडधडीत खोटे बोलायला तयार होतो, तेही सगळ्या घराण्यासमोर आणि शोगुनसमोर. स्वार्थी माणसाने जिनला तिथेच टाकून दिले असते. शिमुराचा दोष वेगळा आहे आणि तो जास्त वाईट आहे: युना माणूस आहे हे त्याच्या हिशेबातच येत नाही. ज्या युनाने जिनला पहिल्या लढाईनंतर कोमोदाच्या किनाऱ्यावरून उचलून जिवंत ठेवले, जिचा भाऊ ताका मंगोलांचा म्होरक्या खोतुन खान याच्या हातून मेला, तिच्यावर आळ घालताना त्याला क्षणभरही विचार करावा लागत नाही. हे प्रेमाच्या अभावामुळे होत नाही. त्याचे प्रेम फक्त वरच्या पायऱ्यांवरच्या माणसांना दिसू शकते, एवढेच.

त्याच रात्रीचा आणखी एक प्रसंग आहे. शिमुरा येण्याच्या थोडे आधी किल्ल्यातच जिन आणि रियुझो यांची गाठ पडते. रियुझो हा बालमित्र. आपल्या उपाशी माणसांच्या पोटासाठी तो खानाला मिळाला. हरल्यावर तो जिनला विनवतो की मी आतून हेरगिरी करत होतो असे लोकांना सांग. जिन नकार देतो आणि त्याला मारतो. काही मिनिटांनी मामा तसेच एक खोटे पुढे करतो आणि जिन त्यालाही नकार देतो. मित्राला वाचवायला जे खोटे चालले नाही, ते स्वतःला वाचवायला कसे चालेल? जिनने सन्मान सोडला असे सर्रास म्हटले जाते. तो विष घालतो, पाठीमागून वार करतो हे खरे. पण त्या संपूर्ण रात्रीत खरे बोलण्याच्या बाबतीत तोच एकटा सामुराई उरलेला आहे, आणि ते त्याला शिमुरानेच शिकवलेले आहे. हे मी भाच्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे चांगले ते सगळे मामाने शिकवलेले आणि वाईट ते भाच्याचे." त्यावर आमचे दोन दिवस वाजले.

शिमुराच्या बाजूने एक गोष्ट मात्र मी ठणकावून सांगेन, कारण ती सोयीस्करपणे विसरली जाते. विषाबाबत त्याचे म्हणणे खरे ठरते. तेच विष खोतुन खान शिकतो आणि जिनच्याच लोकांवर वापरतो. नियम मोडून मिळालेल्या विजयाची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते. आमच्याकडे ती कागदाच्या मालकाने मोजली. त्याच्या मुखपृष्ठांना महिनाभर उशीर झाला. भाच्याला हे कधी पटले नाही, कारण लग्नघर खूश होते.

इतिहासाबद्दल थोडे, कारण शिमुराची भीती त्याशिवाय कळत नाही. नोव्हेंबर १२७४ मध्ये मंगोल आरमार खरोखर त्सुशिमाला आले, आणि बेटाचा कारभारी सो सुकेकुनी सुमारे ८० स्वारांसह कोमोदाला लढून पडला. खेळातल्या पहिल्या लढाईतील ८० सामुराई तिथूनच आले आहेत. जिन, शिमुरा आणि खोतुन खान ही पात्रे काल्पनिक आहेत. सन्मानाची जी पोथीबद्ध संहिता शिमुरा बोलून दाखवतो ती पुष्कळ नंतरची, एदो काळातील (सतराव्या शतकापासूनच्या) शांततेत बसून रचलेली आहे. त्या वेळचे योद्धे जमीन, पद आणि बक्षीस यांबद्दल मुळीच लाजत नव्हते. याच युद्धात लढलेला ताकेझाकी सुएनागा बक्षीस मिळाले नाही म्हणून १२७५ मध्ये घोडे आणि खोगीर विकून कामाकुराला, म्हणजे शोगुनच्या सरकारच्या ठिकाणी, गेला आणि तक्रार करून जितोचे, म्हणजे जमिनीच्या कारभाऱ्याचे, पद घेऊन आला. शिमुराही जितोच आहे. हे पद कामाकुराने दिलेले असते आणि कामाकुराला ते काढून घेता येते. त्यामुळे शिमुरा 'सन्मान' म्हणतो तेव्हा त्यात आज्ञापालन, जमीन आणि बेटावरच्या शेतकऱ्यांनी उद्या आपल्यावरच भाला उगारू नये ही धास्ती, हे सगळे धरायचे. गंमत अशी की ज्या शोगुनच्या आज्ञेवरून तो भाच्याचा जीव घ्यायला निघतो, तो प्रत्यक्ष इतिहासात त्या वर्षी दहा वर्षांचा मुलगा होता. सत्ता होजो घराण्याच्या हाती होती.

आता शेवट. साकाई घराणे बरखास्त झाले आहे, जिनला मारण्याचा हुकूम आहे, आणि मामा-भाचे शेवटचे एकत्र घोड्यावरून जातात. मारेकरी पाठवणे शिमुराला सहज शक्य होते. तो स्वतः येतो. द्वंद्वात हरल्यावर तो योद्ध्याचे मरण मागतो आणि खेळ निर्णय आपल्यावर सोडतो.

माझ्या भाच्याने शिमुराला सोडले. आपल्याजवळ सन्मान उरलेला नाही, पण आपल्या माणसाला आपण मारणार नाही, असे सांगून जिन मुखवटा चढवतो आणि निघून जातो. माझा भाचा म्हणाला, "हेच बरोबर." मी म्हणालो की हा शुद्ध अपमान आहे. म्हाताऱ्याने आयुष्यात भाच्याकडे एकच गोष्ट मागितली आणि भाचा ती न देता, वर आपण किती मोठ्या मनाचे हे ऐकवून गेला. त्याने विचारले, "मग मारायचे होते?" मी म्हणालो, हो. तो हसला आणि म्हणाला, "मामा, तुम्हाला वाटते की तुम्ही सांगाल त्याच पद्धतीने तुमच्यावर प्रेम करावे." परीक्षा झाल्यावर तो पुण्याला नोकरीला लागला. छापखान्याचा विषय त्यानेही काढला नाही आणि मीही नाही.

तेव्हा माझा सल्ला असा की मारा. शिमुराच्या जगात तीच माया आहे, आणि जिनने एकदा तरी मामाच्या भाषेत उत्तर द्यावे असे मला वाटते. त्याला सोडून दिले तर हुकूम न पाळलेला जितो म्हणून तो शोगुनसमोर जाणार आणि उरलेला जन्म भाच्याच्या मागावर घालवणार. ती दया कोणासाठी असते, याचा विचार मारू नये म्हणणाऱ्यांनी करावा.

अर्थात हे मी पन्नाशीच्या मामाच्या खुर्चीतून लिहितो आहे, हे लक्षात घ्यावे. मारले तर जिन अखेरपर्यंत मामाच्याच आज्ञेत राहतो आणि आधीच्या सगळ्या बंडाला काही अर्थ उरत नाही, हा भाच्याचा मुद्दा मला खोडता आलेला नाही. इकी बेटावरचा वाढीव भाग खेळला नसेल तर निर्णयापूर्वी तो जरूर खेळावा. वडील मदतीला हाक मारत असताना लपून राहिलेला लहान जिन तिथे नीट दिसतो, आणि तो पाहिल्यावर आणखी एका वडीलधाऱ्याला मरताना पाहणे त्याला का नको असेल हे समजते. खरे काय झाले याचा निकाल पुढच्या खेळातून मिळेल अशी आशा ठेवू नये, कारण 'घोस्ट ऑफ योतेई' १६०३ सालात, नव्या नायिकेसह सुरू होतो.

द्वंद्वाआधी वेगळी सेव्ह फाइल ठेवावी, म्हणजे दोन्ही शेवट पाहता येतात. मी दुसरा शेवट भाचा गेल्यावर एकट्याने पाहिला. त्याची फाइल अजून माझ्याच प्लेस्टेशनवर आहे, त्यात शिमुरा जिवंत आहे, आणि कटिंग मशीनवरचा मुलगा कधी दुपारी येऊन खेळतो तेव्हा ती उघडू नकोस असे त्याला सांगून ठेवले आहे.