क्युशूला जाण्याआधी

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जपानच्या क्युशू बेटावर फिरायचा तुझा बेत वाचला. आठ दिवसांत सात गावं? त्यातली निम्मी गाळ. बेप्पू, आसो आणि कागोशिमा, एवढी तीनच ठेव. ज्वालामुखींच्या ज्या आगीवर क्युशूचं पाणी तापतं, तिच्याच शेजारी तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या नांदतात. ते पाहायचं तर एका जागी थांबावं लागतं.

बेप्पूत गरम पाण्याचे दोन हजारांहून जास्त झरे आहेत. प्रवाशांची झुंबड ‘नरक’ नावाच्या उकळत्या कुंडांकडे असते. त्यातलं एखादं निळं, एखादं लाल बघ आणि कान्नावा वस्तीत शिर. तिथं रस्त्याकडेच्या गटारांतूनही वाफ वर येते. त्याच वाफेवर रताळी, मका, कोबी, अंडी स्वतः उकडून खाता येतात. तू शाकाहारी, जपानात साध्या भाजीच्या रश्शातही बहुधा सुक्या माशाचं पाणी असतं. तेव्हा एक जेवण इथंच कर.

संकोचाबद्दल तू काही विचारलं नाहीस, पण तो मनात असणारच. वज्रेश्वरीच्या कुंडात आपण अंगावर कपडे ठेवून उतरतो. ओनसेनमध्ये, म्हणजे तिथल्या गरम पाण्याच्या स्नानगृहात, काहीच ठेवायचं नसतं. बायका-पुरुषांचे हौद बहुतेक ठिकाणी वेगळे असतात. आधी बुटक्या स्टुलावर बसून साबणानं स्वच्छ आंघोळ, साबणाचा अंश राहू न देता, मग हौद. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. कुणी कुणाकडे बघत नाही, पाच मिनिटांत लाज जाते. पाणी चाळिशीच्या वरच्या अंशांचं असतं. पहिल्या खेपेला लवकर बाहेर ये आणि भरपूर पाणी पी. अंगावर टॅटू असेल तर आधी विचार, काही जागी प्रवेश नाकारतात. ताकेगावारा हे १८७९ पासूनचं सार्वजनिक स्नानगृह चुकवू नकोस; तिथं गरम वाळूत पुरूनही घेता येतं.

आसोचा दिवस मात्र लवचीक ठेव. जपानची हवामान संस्था ज्वालामुखींना १ ते ५ अशी सावधगिरीची पातळी देते. नाकादाके या आसोच्या जागृत शिखराची पातळी २ झाली की विवराभोवतीचा सुमारे एक किलोमीटरचा भाग बंद होतो. पातळी १ असली तरी विषारी वायू वाढला तर माणसांना मागे फिरवतात. तुला दमा आहे, म्हणून स्पष्ट सांगतो: विवरापाशी जाऊ नकोस. खाली तरी काय कमी आहे? उत्तर-दक्षिण सुमारे २५ किलोमीटरच्या त्या प्राचीन खळग्यात भातशेती आहे, गावं आहेत, रेल्वे आहे. एप्रिल २०१६ च्या भूकंपानं तो लोहमार्ग तुटला. ऑगस्ट २०२० मध्ये पुन्हा पूर्ण सुरू झाला. बेप्पूहून त्याच मार्गानं जा. थेट गाड्या मोजक्याच असतात, वेळापत्रक आधी बघ.

कागोशिमाहून साकुराजिमा या ज्वालामुखीला फेरीबोटीनं पंधरा मिनिटं लागतात. १९१४ च्या उद्रेकात लाव्हारसानं हे बेट मुख्य भूमीला जोडलं गेलं. कुरोकामी गावातली तीन मीटर उंच तोरी, म्हणजे देवळापुढची कमान, तेव्हा राखेत गाडली गेली. वर फक्त माथा उरला आणि गावानं तो मुद्दाम तसाच राखला. तिथं घाईनं फोटो काढून निघू नकोस. राख आजही पडते. लोक ती झाडून पिवळ्या पिशव्यांत भरून ठेवतात आणि नगरपालिका उचलून नेते. मास्क जवळ ठेव, कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा लाव.

नवा बेत रविवारपर्यंत पाठव. मग मुक्कामाच्या जागा मिळून ठरवू.

तुझा,
काका